सातबाऱ्यावरचा बोजा



दर रविवारी मिस्सामध्ये आपण सारे उभे राहून प्रभूने शिकविलेली प्रार्थना म्हणतो. लहानपणापासून पाठ असल्यामुळे ती जिभेवरून सरसर निघून जाते. पण या प्रार्थनेत एक जागा अशी आहे, जिथे खरे तर आपला आवाज अडखळायला हवा. रोजची भाकर मागून झाल्यावर आपण पापांची क्षमा मागतो आणि लगेच सांगतो, की आम्हीही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो. म्हणजे आम्ही ज्या मापाने दुसऱ्याला मोजतो, त्याच मापाने तू आम्हाला मोज, असे आपण आपल्याच तोंडाने देवाला सांगून बसतो. या संपूर्ण प्रार्थनेत आपण स्वतः काही करतो असे म्हणणारे हे एकच ठिकाण आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात प्रार्थना शिकवून झाल्यावर प्रभू पुन्हा मागे वळून याच एका मुद्द्यावर बोलतो (मत्तय ६:१४-१५). बाकीच्या मागण्या आपल्याला कळतील, ही मात्र कळायला जड जाईल, हे त्याला ठाऊक असावे.

मी काही धर्मगुरू नाही, की धर्मशास्त्राचा अभ्यासक नाही. माझी उमेदीची सगळी वर्षे देगलूर तालुक्यात एका सेवा सहकारी सोसायटीचा गटसचिव म्हणून गेली. पीककर्जाचे अर्ज भरणे, थकबाकीदारांच्या याद्या काढणे, वसुलीला फिरणे, लोकांचे दोन शब्द ऐकून घेणे, हेच माझे काम. तेव्हा क्षमेविषयी लिहिताना मी माझ्या कामाच्या भाषेतूनच लिहितो. ती भाषा आपल्या भागात सर्वांनाच येते. आपण सीमेवरची माणसे. मराठीत कर्ज, पलीकडे मदनूरकडे तेलुगूत अप्पू, औरादकडे कन्नडात साल. नाव बदलते, छातीवरचे ओझे बदलत नाही.

आणि खरी गोष्ट अशी आहे, की प्रभू येशूची भाषाही हीच होती. तो ज्या अरामी भाषेत लोकांशी बोलत असे, तिच्यात कर्ज आणि पाप या दोन्हींसाठी एकच शब्द वापरीत. म्हणूनच मत्तयच्या मूळ ग्रीक शुभवर्तमानात या प्रार्थनेत पाप हा शब्द नाही, ऋण हा शब्द आहे. लूकने पहिल्या अर्ध्या भागात पाप म्हटले, पण दुसऱ्या अर्ध्या भागात तोही आपल्या ऋणकऱ्यांविषयीच बोलतो (लूक ११:४). गालीलातली माणसेही शेतकरी, कोळी, मजूर होती. सावकार, मुकादम, सारावसुली हे त्यांच्या रोजच्या जगण्यातले विषय. क्षमा म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगायला प्रभूला मोठे शब्द शोधावे लागले नाहीत. त्याने कर्जमाफीची गोष्ट सांगितली.

कर्जमाफी आपण सर्वांनी पाहिली आहे. १९९० साली पाहिली, २००८ साली पाहिली, पुढे २०१७ आणि २०१९ साली पाहिली. यादीत नाव आले की नाही हे बघायला बँकेपुढे लागलेल्या रांगा मला अजून आठवतात. या सर्व वर्षांत मी एक गोष्ट शिकलो. कर्ज माफ झाले म्हणजे ते वाऱ्यावर उडून जात नाही. शेतकऱ्याच्या नावावरून ते निघते आणि कुणाच्या तरी नावावर जाते. बँकेला सरकार भरते आणि सरकारला आपण सारे भरतो. ज्याची भरपाई कुणीच केली नाही असे माफ झालेले कर्ज मी माझ्या सबंध नोकरीत पाहिले नाही.

दुसरी गोष्ट सातबाऱ्याची. जमिनीवर कर्ज काढले, की सातबाऱ्यावर इतर अधिकाराच्या रकान्यात बोजा चढतो. कर्ज फेडले किंवा माफ झाले, तरी हा बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचा बेबाकीचा दाखला आणावा लागतो, तो तलाठ्याकडे द्यावा लागतो, फेरफार व्हावा लागतो, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी लागते, तेव्हा कुठे तो रकाना मोकळा होतो. कितीतरी शेतकरी कर्ज फिटले या आनंदात घरी जातात आणि पुढचे काम विसरतात. मग दहा-बारा वर्षांनी मुलगा जमिनीचा काही व्यवहार करायला जातो, तेव्हा त्याला कळते, की बापाच्या फिटलेल्या कर्जाचा बोजा अजून कागदावर तसाच आहे.

या दोन गोष्टी मनात ठेवून आता आपण मत्तयच्या अठराव्या अध्यायाकडे जाऊ (मत्तय १८:२१-३५).

पेत्र येऊन प्रभूला विचारतो, माझ्या भावाने माझा अपराध केला तर मी किती वेळा क्षमा करावी, सात वेळा? पेत्राला वाटले, आपण मोठे मन दाखविले. प्रभू म्हणतो, सात नव्हे, सत्तर गुणिले सात. काही भाषांतरांत सत्याहत्तर असेही आहे. हा आकडा प्रभूने उगाच घेतलेला नाही. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काइनाचा वंशज लामेख आपल्या बायकांपुढे बढाई मारतो, की काइनाचा सूड सातपट, तर माझा सत्याहत्तरपट (उत्पत्ती ४:२४). माणसाच्या सुडाला जिथे हिशेब उरला नाही, तिथेच प्रभू क्षमेलाही हिशेब ठेवू नको म्हणतो.

मग तो गोष्ट सांगतो. एका राजाने आपल्या सेवकांचा हिशेब घ्यायला काढला. दहा हजार तालांत देणे असलेला एक सेवक पुढे आला. हा आकडा आपण वाचतो आणि पुढे जातो. गटसचिवाला असे पुढे जाता येत नाही. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिनार, सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाचे ३०० दिवस काम मिळाले असे धरले, तरी ही दोन लाख वर्षांची मजुरी झाली. तो सेवक म्हणतो, मला मुदत द्या, मी सगळे फेडीन. थकबाकीदाराच्या तोंडची ही वाक्ये मी पुष्कळ ऐकली आहेत, पण इतके अशक्य वचन कुणी दिलेले ऐकले नाही. राजाने त्याला मुदत दिली नाही. त्याने सगळेच सोडून दिले.

बाहेर पडताच त्या सेवकाला दुसरा सेवक भेटतो. त्याच्याकडे याचे शंभर दिनार येणे आहे. म्हणजे तीन-साडेतीन महिन्यांची मजुरी. लक्षात घ्या, ही रक्कम अगदी क्षुल्लक नाही. मजुराच्या घरात तीन महिन्यांची मजुरी बुडाली तर चूल बंद पडते. प्रभू असे म्हणत नाही, की तुमच्यावर झालेला अन्याय काहीच नव्हता. तो खरा होता, मोजण्याजोगा होता. फक्त आपल्याला जे सोडून मिळाले त्याच्या तो सहा लाखांचा एक भाग आहे. या सेवकाने त्याचा गळा धरला आणि त्याला तुरुंगात टाकले. हे पाहून इतर सेवक फार दुःखी झाले आणि त्यांनी राजाला सांगितले.

या गोष्टीत एक बारीक जागा आहे. राजाने आधी हिशेब घेतला, मग माफ केले. हिशेब न घेता माफी नाही. आपण मात्र अनेकदा उलटे करतो. ‘जाऊ द्या, काही झालेच नाही’ असे म्हणून विषय मिटवितो. काही झालेच नसेल, तर क्षमा कशाची? क्षमा म्हणजे जे झाले ते पूर्ण पाहायचे, त्याला त्याचे खरे नाव द्यायचे, आणि मग त्याची भरपाई मी या माणसाकडून करून घेणार नाही, असे ठरवायचे. नुकसान तर झालेलेच आहे. ते कुणीतरी सोसावे लागते. क्षमा करणारा ते स्वतः सोसतो. क्रुसावर प्रभूने नेमके हेच केले. आपली कर्जमाफी फुकटची नव्हती. ती त्याने भरली.

कुणी म्हणेल, ही शुभवर्तमानातली गोष्ट झाली, प्रत्यक्षात असे कोण करते? म्हणून आपल्याच देशातली, आपल्याच काळातली एक घटना सांगतो. तिची सुरुवातही सावकारी कर्जापासूनच होते.

सिस्टर राणी मारिया ही केरळमधल्या पुल्लुवळी गावची कन्या. जन्म १९५४ चा. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या धर्मभगिनींच्या संघात ती दाखल झाली आणि १९९२ पासून मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातल्या उदयनगर येथे आदिवासी शेतकऱ्यांत काम करू लागली. त्या भागातले गरीब लोक सावकारांच्या कर्जात रुतलेले होते. राणी मारियाने त्यांचे बचतगट उभे केले, सरकारी योजना समजावून सांगितल्या, बँकेतून कर्ज कसे मिळवायचे ते शिकविले. माणसे सावकाराच्या दारातून बँकेच्या दारात जाऊ लागली. ज्यांचा धंदा बुडू लागला, त्यांनी तिला वाटेतून दूर करायचे ठरविले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी ती बसने इंदूरला निघाली असताना, समंदर सिंह नावाच्या एका तरुणाने बसमध्ये तिच्यावर चाकूचे वार केले. बसमध्ये प्रवासी होते. कुणी मध्ये पडले नाही. तिने रस्त्यावरच प्राण सोडला.

समंदर सिंह पकडला गेला. न्यायालयात खटला चालला आणि त्याला जन्मठेप झाली. राणी मारियाची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल, हीही त्याच संघातली धर्मभगिनी. २००२ साली राखीपौर्णिमेच्या सुमारास ती इंदूरच्या तुरुंगात गेली आणि आपल्या बहिणीच्या मारेकऱ्याच्या हातावर तिने राखी बांधली. पुढे त्यांच्या आईनेही त्याचे हात आपल्या हातात घेऊन त्यांचे चुंबन घेतले. ज्या हातांना आपल्या लेकीचे रक्त लागले, तेच ते हात. या कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी सरकारकडे विनंती केली आणि २००६ साली तो सुटला. त्यानंतर तो केरळला राणी मारियाच्या घरी जाऊन तिच्या आईवडिलांना भेटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारियाला धन्यवादित घोषित करण्यात आले.

राखी म्हणजे काय हे आपल्याला कुणी सांगावे लागत नाही. ज्याच्या हातावर ती बांधायची, त्याच्यावर बहिणीच्या रक्षणाची जबाबदारी येते. एका बहिणीचा जीव घेणाऱ्या हातावर दुसऱ्या बहिणीने ही जबाबदारी ठेवली. हा मारेकरी आहे, हे ती विसरली नव्हती. विसरली असती, तर तुरुंगात जायचे कारणच नव्हते. आणि आणखी एक पाहा. खून १९९५ चा, राखी २००२ ची. मध्ये सात वर्षे गेली. क्षमा ही एका दुपारी होणारी गोष्ट नव्हे. पेत्राने सात वेळा म्हटले होते. कधी कधी एकाच अपराधाची एकच क्षमा पूर्ण व्हायला सात वर्षे लागतात.

इथे मला थोडे थांबून तीन गोष्टी स्पष्ट करायच्या आहेत, कारण क्षमेच्या नावाखाली आपल्या घरांत, समाजात आणि चर्चमध्येही काही चुकीच्या गोष्टी खपून जातात.

पहिली गोष्ट. क्षमा आणि कायदा यांचे वैर नाही. समंदर सिंहने शिक्षा भोगली. पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर १३ मे १९८१ रोजी रोममध्ये गोळ्या झाडण्यात आल्या. चारच दिवसांनी रुग्णालयातून त्यांनी हल्लेखोराला क्षमा केल्याचे सांगितले आणि २७ डिसेंबर १९८३ रोजी तुरुंगात जाऊन त्याची भेट घेतली. तरी तो हल्लेखोर २००० सालापर्यंत इटलीच्या तुरुंगातच होता. सूड मनातून काढणे हे क्षमा करणाऱ्याचे काम. उद्या दुसऱ्या कुणावर असाच वार होऊ नये याची काळजी घेणे हे न्यायाचे काम. दोन्ही हवीत. याच पोपमहोदयांनी २००२ सालच्या जागतिक शांतिदिनाच्या संदेशात न्यायावाचून शांती नाही आणि क्षमेवाचून न्याय नाही, असे सांगितले, ते याच अर्थाने.

दुसरी गोष्ट. क्षमा म्हणजे मार खात राहणे नव्हे. नवरा दारू पिऊन येतो, मारहाण करतो आणि दुसऱ्या दिवशी हात जोडतो. आपण त्या बाईला सांगतो, क्षमा कर, क्रूस उचल, घर सांभाळ. बंधूंनो, हा क्रूस प्रभूने दिलेला नाही, आपण तिच्या खांद्यावर ठेवलेला आहे. ती मनात द्वेष न ठेवता त्याच्यासाठी प्रार्थना करू शकते, आणि त्याच वेळी लेकरांना घेऊन सुरक्षित जागी जाऊ शकते, पोलिसांत जाऊ शकते. थकबाकी माफ केली म्हणजे त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी तिजोरीची किल्ली द्यायची असे कुठल्याच सोसायटीच्या नियमात नाही. गेलेले सोडून देता येते. विश्वास मात्र पुन्हा कमवावा लागतो.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक. आपण आपले येणे माफ करू शकतो. दुसऱ्याचे येणे आपण परस्पर माफ करू शकत नाही. १९७८ च्या जुलैमध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाडाभर दंगली उसळल्या. आपल्या नांदेड जिल्ह्यातही दलित वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. ज्यांची घरे जळाली, त्यांच्यातली कितीतरी माणसे आज आपल्या आसपास आहेत. ‘आता किती वर्षे झाली, विसरा’ असे त्यांना सांगणे सोपे असते, विशेषतः ज्याचे काही जळाले नाही त्याला. पण ते त्यांचे येणे आहे. माफ करायचे की नाही, आणि कधी, हे त्यांनी देवासमोर ठरवायचे. बाकीच्यांचे काम हिशेब नाकारायचा नाही, एवढे. झाले ते झाले होते, असे स्पष्ट म्हणायचे. माझा अनुभव सांगतो, माणसाला रकमेपेक्षा जास्त टोचते ते ‘कसले देणे, माझ्याकडे काही निघतच नाही’ हे वाक्य.

मग क्षमा करणाऱ्याने विसरावे तरी का? चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद २८४३) फार दिलासा देणारी शिकवण आहे. अपराधाची जाणीवच होऊ न देणे किंवा तो विसरून जाणे आपल्या हातात नाही, हे तिथे मान्य केलेले आहे. जे अंतःकरण स्वतःला पवित्र आत्म्याच्या हाती देते, त्याची जखम करुणेत बदलते आणि आठवण शुद्ध होते, असे तो ग्रंथ शिकवितो. म्हणजे आठवण राहते. तिच्यातले विष जाते.

हे विष किती काळ टिकते ते मी स्वतःवरून सांगतो. सांगायला लाज वाटते, पण न सांगता हा लेख लिहिणे खोटे होईल.

माझ्या थोरल्या भावाने, आण्णाने, कर्ज घेतले तेव्हा मी जामीन राहिलो. त्या वर्षी पाऊस बरा होता. पीकही आले होते. त्याने माल सीमेपलीकडे नेऊन विकला आणि मला सांगितले, काही पिकले नाही. गटसचिवाचाच भाऊ थकबाकीदार, म्हणून लोक हसू लागले. २००७ साली मी माझी बैलजोडी विकून ते अडतीस हजार रुपये भरले. वर आण्णाने गावात उठविले, की मी त्याने भरलेले हप्तेच खाल्ले, आणि म्हणून मला भरावे लागले. पुढच्याच वर्षी, २००८ साली, कर्जमाफी आली. भरणारा मूर्ख ठरला. मला पैशांपेक्षा तो आरोप जास्त लागला.

दोन वर्षे आम्ही बोललो नाही. मिस्सामध्ये शांतीचे चिन्ह द्यायची वेळ आली, की मी डावीकडच्याला हात जोडायचो, मागच्याला जोडायचो, उजवीकडे आण्णा असायचा, तिकडे मान वळत नसे. मग एका प्रायश्चित्तकाळात आमच्या फादरांनी दोघांना बसविले. आम्ही हातात हात दिला. ‘केलं माफ’ असे मी सर्वांसमोर म्हणालो. मनापासून म्हणालो असे मला तेव्हा वाटले. पापनिवेदन केले, ख्रिस्तशरीर घेतले, मोकळा झालो.

त्यानंतर नऊ वर्षांनी आण्णाचा मुलगा माझ्याकडे आला. हैदराबादला नोकरीला लागला होता. आला, पाणी प्यायला आणि खिशातून एक पाकीट काढून माझ्यापुढे ठेवले.

“कशाचं रे हे?” मी विचारले.

“बाबांचं देणं, काका. अडतीस हजार आहेत. मोजून घ्या.”

“तुला कुणी सांगितलं?”

तो जरा गप्प राहिला. मग म्हणाला, “तुम्हीच की. लहानपणापासनं ऐकतोय. लग्नात, बारशात, सणाला. बैलजोडी विकली ते.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले. मी आण्णाचे कर्ज माफ केले होते आणि त्याचा बोजा मात्र कधी उतरविला नव्हता. चारचौघांत विषय निघाला, की मी हसत हसत ती गोष्ट सांगायचो. सांगताना शेवटी म्हणायचोही, ‘पण आपण माफ केलं बाबा’. माझे मोठेपण त्या वाक्यावर उभे होते. आणि बाप चोर आहे हे ऐकत ते पोर बारा वर्षांचे तेवीस वर्षांचे झाले. त्याने हैदराबादच्या खोलीत पोटाला चिमटा घेऊन ते पैसे साठविले होते. सेवकाने गळा धरला होता तो निदान ऋणकऱ्याचा. मी तर ऋणकऱ्याच्या लेकराचा धरला होता.

मला ते पैसे हवे होते, हेही सांगून टाकतो. हात पाकिटापर्यंत गेला होता. पण ते परत त्याच्या खिशात घातले आणि त्याच संध्याकाळी आण्णाच्या घरी गेलो. प्रभूचे एक वचन मला वाटेत आठवले. अर्पण घेऊन वेदीजवळ आलास आणि तिथे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी भावाशी समेट कर (मत्तय ५:२३-२४). हे वचन मी शेकडो वेळा ऐकले होते आणि दर वेळी मला आण्णाचा अपराध आठवे. पण प्रभू काय म्हणतो ते नीट वाचा. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असे तो म्हणत नाही. तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे तुला आठवले तर, असे तो म्हणतो. देणेकरी मीसुद्धा आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा उमगले.

आण्णा अंगणात बसला होता. मी म्हणालो, “आण्णा, मी पोराला तुझ्याबद्दल जे ऐकवीत आलो, त्याची मला माफी दे.” तो काही बोलला नाही. बराच वेळ जमिनीकडे बघत राहिला. मग आत तोंड करून वहिनींना म्हणाला, “चहा टाक, हा आलाय.” एवढेच.

गावात त्याने केलेला तो आरोप त्याने आजपर्यंत उघडपणे मागे घेतलेला नाही. पूर्वी मी त्याची वाट पाहायचो. आता बहुतेक दिवशी पाहत नाही. ज्या दिवशी मन पुन्हा वही उघडते, त्या दिवशी ती पुन्हा मिटावी लागते. सत्तर गुणिले सात याचा अर्थ मला असा कळला. भाऊ सत्तर गुणिले सात वेळा नवे अपराध करीलच असे नाही. एकच जुना अपराध मला तितक्या वेळा माफ करावा लागेल.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा बोजा असेल. बांधाचा वाद, वाटणीचा राग, लग्नातला मानपान, हुंड्यावरून तुटलेले माहेर, सासूने कधीकाळी बोललेला शब्द. तोंडाने माफी देऊन झालेली असते. कागदावरून नाव उतरलेले नसते. आणि तो बोजा आपल्यानंतर कुणाच्या सातबाऱ्यावर राहणार? आपल्या लेकरांच्या. त्यांना ना कर्जाची रक्कम नीट माहीत असते, ना कारण. चुलत भावंडे रस्त्यात भेटली तर मान खाली घालतात, आणि का, हे त्यांनाही सांगता येत नाही.

म्हणून या आठवड्यात एक काम करू या. एकांतात बसून आपला हिशेब काढू या. माझे कुणाकडे काय येणे आहे, हे प्रामाणिकपणे लिहू या. ते खरे असेल, तर खरे म्हणू या. मग दुसरे पान उलटून माझ्याकडून कुणाचे काय निघते, तेही लिहू या. हे पान बहुधा अधिक वेळ घेईल. ज्याची जखम ताजी आहे त्याने घाई करू नये. क्षमा करण्याची इच्छा व्हावी एवढीच प्रार्थना आज केली, तरी देव ती ऐकतो. ज्याची जखम जुनी आहे, त्याने ती गोष्ट सांगणे तरी आजपासून थांबवावे. समेटाच्या संस्कारासाठी फादरांकडे जाताना ही दोन्ही पाने सोबत न्यावीत. आणि रविवारी शांतीचे चिन्ह देताना आधी ज्या बाजूला मान वळत नाही, त्या बाजूला वळावे.

हे प्रभो, तू आमचा न फिटणारा हिशेब स्वतः भरलास आणि आमचा रकाना मोकळा केलास. आमच्या भावाबहिणींच्या नावापुढे आम्ही जे लिहून ठेवले आहे, ते पुसण्याचे बळ आम्हाला दे. आम्ही ज्यांना दुखविले, त्यांच्या दाराशी जाण्याचे धैर्य दे. आणि आमच्या लेकरांना आमचे वैर वारशात मिळू देऊ नकोस. आमेन.